रँडी वेस्टन यांचा पियानो आणि ग्नावांची गिम्ब्री : ही ध्वनिमुद्रणे कशी ऐकावीत?

मंद्रसप्तक

जॅझ आणि आफ्रिकी संगीत यांचा मेळ घातला आहे, असे ज्या ध्वनिमुद्रिकांबद्दल सांगितले जाते, त्यांतल्या बऱ्याचशा मुद्रिकांत प्रत्यक्षात एवढेच घडलेले असते की नेहमीच्या जॅझ चमूशेजारी एकदोन तालवादक आणून बसवले जातात आणि मुखपृष्ठावर एखादा लाकडी मुखवटा छापला जातो. ब्रुकलिनचे पियानोवादक रँडी वेस्टन (१९२६-२०१८) यांचे काम या पंक्तीत बसवता येत नाही, असे माझे मत आहे. त्यांची ध्वनिमुद्रणे कालक्रमाने ऐकली की पियानोच्या जागेत होत गेलेला एक बदल स्पष्ट जाणवतो. तो बदल मला त्यांच्या रचनांहूनही महत्त्वाचा वाटतो, आणि या धाग्यावर त्याचीच चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

थोडी पार्श्वभूमी देतो. वेस्टन यांचे वडील कृष्णवर्णीयांचे नेते मार्कस गार्वी यांच्या विचारांचे होते. आपण अमेरिकेत जन्मलेले आफ्रिकी आहोत, हे त्यांनी मुलाच्या मनावर लहानपणीच बिंबवले होते. त्यामुळे नोव्हेंबर १९६० मध्ये, ज्या वर्षी आफ्रिकेतील सतरा देश स्वतंत्र झाले त्याच वर्षी, वेस्टन यांनी 'उहुरू आफ्रिका' (उहुरू म्हणजे स्वाहिलीत स्वातंत्र्य) ही चार भागांची रचना मुद्रित केली, यात आश्चर्य काही नव्हते. शब्द कवी लँग्स्टन ह्यूज यांचे होते आणि वाद्यमेळाची मांडणी मेल्बा लिस्टन यांची. आरंभीचे निवेदन स्वाहिलीत असावे असा वेस्टन यांचा आग्रह होता आणि त्यासाठी टांगानिकाचे (आजच्या टांझानियातील) तुन्तेमेके सांगा यांचा आवाज घेतला गेला. तालवाद्यांवर नायजेरियाचे बाबातुंदे ओलातुंजी, क्युबाचे कँडिडो आणि आर्मांडो पेराझा अशी मंडळी होती. पुढे दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीने या मुद्रिकेवर बंदी घातली.

यानंतर १९६१ आणि १९६३ मध्ये वेस्टन नायजेरियाला जाऊन आले. १९६३ च्या 'हायलाइफ' या मुद्रिकेत लागोसचे बॉबी बेन्सन यांची 'नायजर माम्बो' आणि घानाचे गाय वॉरन यांची 'मिस्टरी ऑफ लव्ह' या रचना आहेत. दुसरी रचना तर वेस्टन यांनी आयुष्यभर सोडली नाही. १९६७ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या वतीने त्यांनी आपल्या चमूसह आफ्रिकेतील चौदा देशांचा दौरा केला. डेव्ह ब्रुबेक १९५८ मध्ये आणि ड्यूक एलिंग्टन १९६३ मध्ये जॅझ कलावंतांना परदेशी पाठवण्याच्या ज्या धोरणाखाली भारतात आले होते, तेच धोरण या दौऱ्यामागे होते. हा दौरा मोरोक्कोत संपला आणि वेस्टन काही काळाने त्याच देशात राहायला गेले. तांजिर शहरात त्यांनी 'आफ्रिकन रिदम्स' नावाचा क्लब चालवला आणि तेथेच ग्नावा संगीतकारांशी (ग्नावा म्हणजे मोरोक्कोत गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज), विशेषतः अब्दुल्ला अल् गुर्द यांच्याशी, त्यांचा स्नेह जुळला. १९७२ मध्ये त्यांनी तांजिरला जो संगीतोत्सव भरवला त्यात पैसा बुडाला, पण ग्नावांशी जडलेले नाते शेवटपर्यंत टिकले.

आता मूळ मुद्दा. 'उहुरू आफ्रिका'त पियानो हे मोठ्या वाद्यमेळातले एक वाद्य आहे, तरी सूत्रे संगीतकाराच्याच हाती आहेत. १९७२ च्या 'ब्लू मोझेस'मध्ये विषय ग्नावांचा आहे, परंतु भाषा न्यूयॉर्कच्या स्टुडिओची आहे. १९९१ च्या 'द स्पिरिट्स ऑफ अवर अँसेस्टर्स'मध्ये गिम्ब्री हे ग्नावांचे खर्जातले तंतुवाद्य आणि करकबे या त्यांच्या लोखंडी चिपळ्या प्रत्यक्ष चमूत येऊन बसतात. आणि १९९२ मध्ये मोरोक्कोतील मर्राकेशला ग्नावा गुरूंना एकत्र बसवून केलेल्या मुद्रणात वेस्टन एकाच रचनेत पियानो वाजवतात, बाकी वेळ ते केवळ ऐकतात. नामवंत जॅझ कलावंताने आपल्या नावाने निघणाऱ्या मुद्रिकेत इतके मागे सरकून बसावे, याचे दुसरे उदाहरण मला चटकन आठवत नाही. आपणांस काय वाटते?

शंकासूर

धागा अभ्यासपूर्ण आहे, परंतु आपण कालक्रमाला जरा अधिकच सुबक करून मांडले आहे, असे नम्रपणे म्हणावेसे वाटते. 'उहुरू आफ्रिका' मी अनेकदा ऐकली आहे. तिच्यातून तालवाद्ये वजा केली तर जे उरते ते त्या काळच्या उत्तम बिग बँडचे, म्हणजे मोठ्या जॅझ वाद्यवृंदाचे, संगीत आहे, आणि तालवाद्ये मिळवली तरी ती प्रामुख्याने क्युबन वळणाची आहेत. जॅझ ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी यांनी क्युबाचे तालवादक चानो पोझो यांना घेऊन १९४७ मध्येच हा मार्ग खुला केला होता. वेस्टन यांनी १९६० पर्यंत आफ्रिकेच्या भूमीवर पाऊलही ठेवलेले नव्हते, त्यामुळे या मुद्रिकेतील आफ्रिका ही ब्रुकलिनमध्ये बसून पाहिलेली आफ्रिका आहे. तिचे राजकीय मोल मी नाकारत नाही. बंदी घालणाऱ्यांना ते बरोबर कळले होते. पण पारंपरिक आफ्रिकी संगीताशी तिचा सांगीतिक संबंध किती, हा प्रश्न उरतोच.

दुसरे असे की एखादा कलावंत मागे सरकला म्हणजे त्याचे काम आपोआप श्रेष्ठ ठरते काय? १९९२ च्या मुद्रणाचे श्रेय ग्नावा गुरूंना द्यावे. ते वेस्टन यांच्या कर्तृत्वात कशाच्या आधारे मोजायचे?

जुनी तबकडी

शंकासूर यांच्या पहिल्या आक्षेपात तथ्य आहे, पण त्यांनी ज्याला 'उत्तम बिग बँडचे संगीत' म्हणून बाजूला सारले, त्यातच खरी गंमत आहे आणि ती मेल्बा लिस्टन यांची आहे. या बाई स्वतः ट्रॉम्बोन हे पितळी फुंकवाद्य वाजवत. पुरुषांच्या बँडमध्ये ट्रॉम्बोनवर बसणारी स्त्री त्या काळी विरळाच होती. गिलेस्पी यांच्या वाद्यवृंदात त्या वादक आणि मांडणीकार अशा दोन्ही नात्यांनी होत्या. वेस्टन यांच्या डोक्यातल्या सुरावटींना वाद्यमेळाचे शरीर देण्याचे काम त्यांनी जवळजवळ चार दशके केले.

'उहुरू आफ्रिका'चा दुसरा भाग, 'आफ्रिकन लेडी', पुन्हा ऐकून पाहावा. मार्था फ्लॉवर्स आणि ब्रॉक पीटर्स यांचे आवाज शास्त्रशुद्ध पाश्चात्त्य तालमीचे आहेत, आणि त्यांच्याखाली लिस्टन यांनी वाद्यांचे गट असे लावले आहेत की एक गट म्हणतो आणि दुसरा उत्तर देतो. ही हाक-प्रतिसादाची रीत पश्चिम आफ्रिकेतून गुलामांबरोबर अमेरिकेच्या शेतांत आणि चर्चमध्ये पोचली होती. ती ब्रुकलिनमध्ये राहूनही ऐकता येत होती, त्यासाठी लागोसला जाण्याची गरज नव्हती. त्यामुळे 'भूमीवर पाऊल ठेवले नव्हते' हा युक्तिवाद मला अपुरा वाटतो.

जाता जाता एक नोंद करतो. १९८५ मध्ये लिस्टन यांना पक्षाघात झाला आणि ट्रॉम्बोन कायमचा सुटला. तरीही मंद्रसप्तक यांनी उल्लेखलेल्या १९९१ च्या मुद्रिकेची मांडणी त्यांनीच, संगणकाच्या साहाय्याने, केली आहे. वेस्टन यांच्यावर लिहिताना लिस्टन यांचे नाव एका वाक्यात उरकण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला खटकते. या धाग्यातही ते तसेच उरकले गेले आहे.

पेटीवाला

मी जॅझचा जाणकार नाही, पण पेटी वाजवतो, त्यामुळे एक मूलभूत शंका विचारतो. आपल्याकडे आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके पेटीला दार बंद ठेवले, त्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक कारण होते की तिचे स्वर ठोकून बसवलेले असतात आणि त्यांच्यामधल्या जागा तिच्यावर दाखवता येत नाहीत. पियानोचेही तेच आहे. सप्तकाचे बारा समान भाग करून टाकलेले हे वाद्य गिम्ब्रीसारख्या तंतुवाद्याशेजारी, आणि श्रुतींची फारशी पर्वा न करता मोकळ्या गळ्याने गाणाऱ्या मंडळींशेजारी, बसणार कसे? मीही यूट्यूबवर एक मैफल ऐकली. ते कानाला खुपत नाही, हे मान्य करतो, पण का खुपत नाही ते उमगले नाही. शिवाय ग्नावांचा ठेका मला नीट मोजता येईना. तो तिस्र आहे की चतुस्र?

मंद्रसप्तक

जुनी तबकडी, आपली तक्रार रास्त आहे. लिस्टन यांच्यावर स्वतंत्र धागा व्हायला हवा आणि तो आपणच काढावा.

पेटीवाला, आपल्या दोन्ही शंका नेमक्या आहेत. आधी ठेक्याचे पाहू. करकबे म्हणजे हातात धरायचे लोखंडी जोडचिपळ्यांसारखे वाद्य. ते तीन आघातांचा जो आकृतिबंध सतत वाजवत राहते, तो ना धड तिस्र असतो ना धड चतुस्र. विलंबित लयीत तो चारांत मोजल्यासारखा भासतो आणि लय चढत गेली की तिनाकडे झुकू लागतो. कोणत्या क्षणी बदलला ते बोट ठेवून सांगता येत नाही, म्हणून मोजणाऱ्याची पंचाईत होते. जॅझची स्विंग लयही दोन आणि तीन यांच्या मधल्या जागेतच वावरते. त्यामुळे वेस्टन यांना या ठेक्यावर पाय रोवायला वेळ लागला नसावा.

आता स्वरांचे. गिम्ब्रीला तीन तारा असतात आणि त्या बकऱ्याच्या आतड्याच्या करतात. लाकडाचा ओंडका कोरून केलेल्या लांबट पेटीवर उंटाचे कातडे ताणलेले असते. वादक ज्या हाताने तार छेडतो त्याच हाताने कातड्यावर थापही मारतो, म्हणून खर्ज आणि ताल एकाच वाद्यातून येतात. दांडीच्या टोकाला कड्या लावलेला धातूचा पत्रा असतो, त्याचा खणखणाट प्रत्येक स्वरामागे राहतो. स्वरावली बहुधा पाच स्वरांची असते. आता वेस्टन यांचा डावा हात ऐका. साडेसहा फुटांहून उंच असलेल्या या माणसाचे पंजेही तसेच विशाल होते. खालच्या सप्तकात ते एखादा लहानसा तुकडा घट्ट धरून ठेवतात, तो न बदलता पुनःपुन्हा वाजवतात आणि मधूनच एका पट्टीवर थापेसारखा जोरकस आघात करतात. गिम्ब्रीचे काम त्यांनी डाव्या हाताला दिले आहे. सुरावट विस्तारण्याचा सोस कमी केल्यामुळे दोन वाद्यांच्या स्वरांची टक्कर होण्याचे प्रसंगच थोडे येतात.

उरलेला भाग त्यांनी जॅझ पियानोवादक थेलोनियस मंक यांच्याकडून घेतला. शेजारशेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबल्या की त्यांच्यामधला, पियानोवर नसलेला स्वर ऐकू आल्याचा भास होतो. मंक हे सतत करत. वेस्टन यांचे ब्रुकलिनमधील मित्र अहमद अब्दुल-मलिक हे बास (खर्जाचे मोठे तंतुवाद्य) वाजवत आणि ऊद हे अरबी तंतुवाद्यही वाजवत. त्यांच्यामुळे वेस्टन यांना अरबी संगीतातील पाव स्वरांची ओळख तरुणपणीच झाली होती, आणि मंक यांच्या पियानोत आपल्याला तेच सापडले, असे वेस्टन सांगत असत. तांजिरला जाण्याच्या कितीतरी आधी, १९५६ च्या 'जॅझ आ ला बोहेमिया'त, बासवर हेच अब्दुल-मलिक आहेत.

अटलांटिकपार

न्यू जर्सीत राहत असल्यामुळे वेस्टन यांना उतारवयात न्यूयॉर्कमध्ये प्रत्यक्ष ऐकण्याचा योग आला. सोबत बासवर अॅलेक्स ब्लेक आणि तालवाद्यांवर नील क्लार्क होते. ड्रमसेट नव्हताच. ब्लेक उभे बास खुर्चीवर बसून वाजवतात. तारा नुसत्या छेडत नाहीत, तर गिटारसारख्या खरवडतात आणि पंजाने थोपटतात. मंद्रसप्तक यांनी गिम्ब्रीच्या थापेचे वर्णन केले आहे, ते मला त्या बासमध्ये शब्दशः ऐकू आले होते. वेस्टन सुरुवातीला कितीतरी वेळ केवळ खालच्या दोन सप्तकांत वावरले. शेजारच्या टेबलावरील एका गृहस्थांनी उजव्या हाताचे काय झाले, असे बायकोला कुजबुजत विचारले.

माझ्या मते या लहान चमूची मुद्रणे मोठ्या वाद्यमेळाच्या मुद्रणांपेक्षा अधिक दूरवर पोचतात, कारण तेथे एकही ग्नावा हजर नसताना संगीताची बैठक ग्नावांचीच राहते. शंकासूर यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच असावे. १९९२ मध्ये मर्राकेशला मागे बसून ऐकण्यात वेस्टन यांना जे मिळाले, ते नंतरच्या वादनात उतरले आहे.

शंकासूर

हे उत्तर मला बऱ्याच अंशी पटले. तरी 'ब्लू मोझेस'बद्दल कोणी बोलत नाही, याचे आश्चर्य वाटते. आपल्यापैकी अनेकांनी वेस्टन यांचे नाव पहिल्यांदा याच मुद्रिकेमुळे ऐकले असणार, कारण ती त्यांच्या सर्वाधिक खपलेल्या मुद्रिकांपैकी एक आहे. शुद्धतावादी मंडळी तिला नाके मुरडतात. मला मात्र ती आवडते.

जुनी तबकडी

नाके मुरडणाऱ्यांत खुद्द वेस्टनही होते! निर्माते क्रीड टेलर यांनी त्यांना इलेक्ट्रिक पियानोवर बसवले, जे त्यांना रुचले नव्हते. डॉन सेबेस्की यांनी वाद्यमेळाचे थर नंतर चढवले आणि तोवर वेस्टन मोरोक्कोला परतले होते. पण वादकांची यादी पाहा : फ्रेडी हबर्ड, ह्यूबर्ट लॉज, ग्रोव्हर वॉशिंग्टन, रॉन कार्टर, बिली कोबम आणि तालवाद्यांवर वेस्टन यांचे चिरंजीव. असा ताफा जमल्यावर संगीत रटाळ होणे कठीणच होते.

तुलनेसाठी एकच रचना दोनदा ऐकावी, असे सुचवतो. 'ब्लू मोझेस' ही रचना १९७२ च्या मुद्रिकेत आहे आणि १९९१ च्या मुद्रिकेतही आहे. मूळ सुरावट ग्नावांच्या 'सिदी मूसा' या गीतावरून घेतलेली आहे. ग्नावांच्या श्रद्धेत हा जलाशी निगडित आत्मा असून त्याचा रंग निळा मानतात. पहिल्या मुद्रणात ही सुरावट चकचकीत आणि नागरी झाली आहे, तिला रस्त्यावरच्या मोटारींचा वेग आहे. दुसऱ्यात लय जड आहे, बास आणि पियानो खर्जात एकत्र दळत राहतात आणि फुंकवाद्ये त्यावर घोषणा केल्यासारखी येतात. पहिले मुद्रण कोणत्याही वेळी ऐकता येते. दुसऱ्याला निवांत संध्याकाळ द्यावी लागते. मी दोन्ही जपून ठेवली आहेत आणि एकीसाठी दुसरी टाकून देण्याचे मला कारण दिसत नाही.

कृष्णाकाठ

चर्चा उत्तम चालली आहे, पण एका अंगाकडे दुर्लक्ष होत आहे. ग्नावा म्हणजे सहाराच्या दक्षिणेकडून गुलाम म्हणून मोरोक्कोत आणलेल्या लोकांचे वंशज. त्यांचे संगीत मैफलीसाठी जन्मलेले नाही. 'लीला' नावाचा त्यांचा विधी रात्रभर चालतो. त्यात धूप जळतो, एकेका आत्म्याचा रंग आणि त्याची गीते क्रमाने येतात, अंगात येते आणि पीडिताला उतार पडावा हा हेतू असतो. आपल्या अंगणातला गोंधळ आणि रंगमंचावर वीस मिनिटांत उरकलेला गोंधळ यांत जो फरक पडतो, तसाच फरक लीला आणि ध्वनिमुद्रण यांत पडणार. संबळ तोच असतो, पण नवस फेडणारे कुटुंब नसते.

वेस्टन यांनी तांजिरला लीलेत रात्र काढली होती आणि त्या अनुभवाने आपण कित्येक दिवस भारलेले होतो, असे त्यांनी सांगितले आहे. तेथील काही लोकांना परक्याने या विधीत बसणे सुरुवातीला मान्य नव्हते, हेही त्यांनी लपवलेले नाही. माझा प्रश्न असा आहे की जे संगीत उपचार म्हणून वाजवले जाते ते तबकडीवर आणताना त्याचे काय उरते, आणि ज्यांचे ते आहे त्यांना त्यातून काय मिळते?

मंद्रसप्तक

कृष्णाकाठ, दुसऱ्या भागाबद्दल काही ठामपणे सांगता येते. १९९२ च्या मुद्रिकेवर ग्नावा गुरूंची नावे ठळकपणे आहेत आणि तिचे शीर्षकही त्यांच्याच गौरवाचे आहे. अब्दुल्ला अल् गुर्द पुढे वेस्टन यांच्याबरोबर जगभरच्या रंगमंचांवर बसले, तेही पाहुणे तालवादक म्हणून नव्हे, तर गुरू म्हणून. १९९९ मध्ये ब्रुकलिनच्या एका चर्चमध्ये झालेली संयुक्त मैफलही 'स्पिरिट! द पॉवर ऑफ म्युझिक' या नावाने उपलब्ध आहे. तिच्यात ग्नावांना स्वतंत्र आणि पुरेसा वेळ दिला आहे. ज्या काळात ग्नावांना मोरोक्कोतच रस्त्यावरचे वाजंत्री समजून हिणवले जाई, त्या काळात एक विख्यात परदेशी कलावंत त्यांच्या पायाशी बसला, याचा तेथील प्रतिष्ठेवर परिणाम झाला असणार. युनेस्कोच्या यादीत ही कला २०१९ मध्ये आली. त्यामागे अर्थातच इतर अनेकांचे श्रम आहेत.

पहिल्या भागाबद्दल मी आपल्याशी सहमत आहे. तबकडीवर लीला येत नाही. ज्याच्याशिवाय ती होत नाही ते संगीत तेवढे येते.

पेटीवाला

आफ्रिकेतलेच जॅझ पियानोवादक अब्दुल्ला इब्राहिम यांचे नाव कोणी घेतले नाही. माझ्या भाच्याने त्यांची 'मॅनेनबर्ग' ऐकवली होती. वेस्टन यांच्यापेक्षा ती मला सहज कळली.

अटलांटिकपार

सहज कळली याचे कारण बहुधा असे आहे की इब्राहिम यांना कोठे जाऊन काही शोधावे लागले नव्हते. १९३४ मध्ये केप टाउनला जन्मलेल्या मुलाच्या कानांवर चर्चमधली स्तोत्रे, मराबी नृत्यसंगीत आणि अमेरिकी जॅझ एकाच वस्तीत पडत होते, त्यामुळे त्यांच्या पियानोत सांधा कोठे आहे ते सापडत नाही. 'मॅनेनबर्ग' १९७४ मध्ये केप टाउनलाच मुद्रित झाली आणि वर्णभेदविरोधी लढ्यात ती लोकांच्या ओठी बसली. वेस्टन यांच्या बाबतीत सांधा दिसतो, किंबहुना तो दिसावा असेच ते वाजवतात. एक उंचापुरा ब्रुकलिनकर समुद्र ओलांडून आपल्या पूर्वजांच्या दारात उभा आहे, हे ते विसरू देत नाहीत. मला दोघेही हवेत, परंतु या धाग्याचा प्रश्न इब्राहिम यांच्याबाबत पडणारच नाही.

शंकासूर

मान्य. आता एक व्यावहारिक विचारणा करतो. नव्या श्रोत्याने सुरुवात कोठून करावी? माझे मत 'ब्लू मोझेस'च्या बाजूने आहे, कारण 'उहुरू आफ्रिका'चे निवेदन ऐकून पुष्कळ जण पहिल्या पाच मिनिटांतच उठून जातील.

मंद्रसप्तक

पेटीवाला यांच्यासारख्या श्रोत्याने मी १९९१ च्या मुद्रिकेपासून सुरुवात करावी असे म्हणेन, कारण तेथे वाद्यमेळही आहे आणि गिम्ब्रीही. त्यानंतर मर्राकेशच्या मुद्रणातील 'शालाबाती' ही एकच रचना ऐकावी, कारण वेस्टन पियानोवर बसतात ते तिच्यातच. ती ऐकताना प्रथम गिम्ब्रीचा खर्ज कानांत पक्का धरावा आणि मग पियानो कोणत्या जागा मोकळ्या सोडतो तिकडे लक्ष द्यावे. 'उहुरू आफ्रिका' मात्र शेवटी ऐकावी, आणि जुनी तबकडी यांनी सांगितल्याप्रमाणे तिच्यातील वाद्यांच्या गटांवर कान ठेवून ऐकावी.

जुनी तबकडी

शेवटी का? ती पहिलीच ऐकावी, निवेदनासकट. लिस्टन यांच्यावरचा धागा येत्या आठवड्यात काढतो, तेथे या क्रमावर सविस्तर भांडू.